पोवळ्याचे घर



१८४६ मध्ये लंडनच्या अ‍ॅना थिन यांनी समुद्रातली प्रवाळे घरात जगवली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. श्रेय मात्र बाईसाहेबांचे! मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. २००१ पासून आपल्या समुद्रातील कठीण प्रवाळे वाघाप्रमाणेच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

‘जीवविचारा’त पोवळे पृथ्वीकाय जीवांत मोजले आहे, विज्ञान त्याला प्राणी म्हणते. दोन्हीकडे जीवच. भंडाऱ्यात तलाव पुष्कळ, समुद्र कोसो दूर. म्हणून प्रवाळांचे मत्स्यालय मागणाऱ्या नातवाला सांगितले, “मालवणला जाऊ, त्यांना त्यांच्याच घरी पाहू.”