वय झालं की होणारच

बार्शीहून परांडा, भूमकडे निघालं आणि एखाद्या पाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला वय विचारलं, की आकडा मिळत नाही, घटना मिळते. 'रझाकाराच्या वक्ताला आईच्या कडंवर हुतो.' 'बहात्तरच्या दुष्काळात थोरली पोटात हुती.' इंग्रजांच्या काळात बार्शी त्यांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि परांडा, भूम १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे काही कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांच्या आठवणींचे खांबही थोडे वेगळे. कोतवाल बुकात नोंद असलीच तर ती बहुधा 'अमक्याला मुलगा झाला' एवढीच, नाव नाही. मग शाळेत घालताना मास्तरांनी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहायचं आणि दाखल्यावर १ जून लिहून टाकायचं. माझ्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. मुलींना शाळेतच घातलं नाही तर तोही नाही.

ज्या समाजाला आपलं वय नीट माहीत नव्हतं, त्याच्या म्हातारपणाबद्दलच्या कल्पना मात्र अगदी ठाम होत्या. आजही आहेत. पूर्वी माणसं तिशीतच मरायची, हा त्यातला सुशिक्षितांचा आवडता समज. त्याला आधार दिला जातो तो सरासरी आयुर्मानाचा. १९११ ते १९२१ या दशकात भारतीयांचं सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षं होतं, हे खरं. पण जन्मलेल्या १० जणांपैकी ४ पहिल्या वर्षातच गेले आणि उरलेले ६ साठाव्या वर्षी गेले, तर सरासरी ३६ येते. छत्तिसाव्या वर्षी मात्र त्यातलं एकही माणूस मेलेलं नसतं. त्या दशकाचा आकडा एवढा खाली ओढला तो बालमृत्यूंनी, प्लेगनं आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं. आणि इन्फ्लुएन्झानं तर म्हाताऱ्यांपेक्षा विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं जास्त ओढून नेली. म्हातारी माणसं गावात तेव्हाही होती. कमी होती, एवढंच.

दुसरा समज जास्त घातक. म्हातारपण हाच आजार, त्याला औषध नाही. हा फक्त पारावरचा समज नव्हता, तो सरकारी कागदावरही होता. ग्रामीण भागातल्या मृत्यूंची कारणं नोंदवण्याची योजना १९६० च्या दशकात देशात सुरू झाली. तिच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं एक भला मोठा कप्पा असायचा, 'वार्धक्य'. घरच्यांना विचारायचं, ते म्हणायचे वय झालं होतं, आणि रकाना भरायचा. त्या रकान्यात किती क्षय, किती हृदयविकार, किती कर्करोग गाडले गेले हे आता काढता येणार नाही.

बार्शीचं महत्त्व इथं येतं. कर्करोगाच्या नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून चालू होता, पण शहरांतून. खेड्यात हा रोग किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी ती चालवली, डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातली ठळक नावं. शहरातली पद्धत म्हणजे दवाखान्यांच्या दप्तरातून नावं काढायची. इथं रोगी दवाखान्यात येतच नव्हते, तर नावं कुठून निघणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, गावातली जाणती माणसं यांना भेटले, लक्षणं समजावून सांगितली, शंका आली त्यांना तपासणीला येण्यासाठी तयार केलं.

नोंदणीतून दिसलं ते असं. वयाचा फरक हिशेबात घेऊनही खेड्यातलं कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. (यावरून 'गावचं हवापाणी शुद्ध' असा निष्कर्ष काढणारे लगेच भेटतात.) पण बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा. हा रोग पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीत पकडतो. आपल्याकडे त्या वयाची बाई म्हातारीत जमा झालेली असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, चाळिशीच्या आत सासू, मग आजी. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं तर ते कुणाला सांगायचं? आमच्या आजीची धाकटी जाऊ दोन वर्षं हे लपवून होती. विचारलं तेव्हा म्हणाली, 'वय झालं की व्हायचंच आसलं कायबाय.' तिचं वय पन्नाशीच्या आतलंच असणार. नक्की कसं सांगू, तिचा १ जूनही नव्हता.

१९९५ मध्ये डॉ. जयंत आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. या तालुक्यांत तेव्हा सरसकट तपासणी नव्हती, यंत्रं नव्हती. नुसतं गावात जाऊन बोलल्यानं बायका लवकर येऊ लागल्या आणि सुरुवातीच्या टप्प्यात सापडणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं. म्हणजे जे 'वयाचं' समजलं जात होतं, त्यातलं काही निव्वळ न सांगण्याचं होतं.

पुढे याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. या निकालाचं वजन जगभर मान्य झालं. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर टीकाही झाली. ती टीका मला झटकून टाकण्यासारखी वाटत नाही. त्या ६४ जणी आमच्याच भागातल्या होत्या, आणि नेहमीची आरोग्यसेवा म्हणजे तिथं बहुतेकींना तपासणी नाहीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अभ्यासाची वरची मर्यादा ५९. ज्यांच्या वयाचा कागद नाही त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न अशा प्रत्येक कामात येतोच. मग पुन्हा दुष्काळ, रझाकार, थोरल्याचं लग्न. वय अंदाजानं सांगताना माणसं ४०, ५०, ६० अशा गोल आकड्यांवर येऊन थांबतात, हे जनगणनेच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ५८ ची बाई सहज 'साठ' म्हणते आणि यादीबाहेर जाते. आता तिच्याकडे आधार कार्ड आहे. त्यावर जन्मतारीख आहे, १ जानेवारी.