पुण्याजवळील नासिकारोपण आणि त्वचेचे सांधणे

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळील एका शस्त्रक्रियेचे वर्णन आढळते. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. (कावसजी हे नाव मराठा शेतकऱ्याचे वाटत नाही, लिहून घेणाऱ्याने मूळ नाव बिघडविले असावे.) वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले.

कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बेतून पाहिला, मग तो कपाळावर पसरून त्याच्या कडेने रेघ आखली. त्या आकाराची त्वचा त्याने सोलली. मात्र दोन डोळ्यांमधील एक पट्टी जोडलेली ठेवली. नंतर थोट्यावरील जुना व्रण तासून, कपाळाची त्वचा फिरवून खाली आणली आणि तिची कड नव्या छेदात बसविली. वर ओल्या काताच्या पट्ट्या चिकटविल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवली, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली.

भरून आलेला व्रण पुन्हा तासण्याचे कारण काय? व्रणाच्या कडेवरील त्वचापेशी तळाची पकड सैल करतात, पण परस्परांची सोडीत नाहीत. त्यामुळे संपूर्ण थर एकत्र सरकतो. पुढच्या पेशी पातळ पाय पसरतात, मागच्या रांगाही ओढ लावतात. समोरची कड भेटली की हालचाल थांबते. जुन्या व्रणावर हा थर पूर्ण झालेला असल्याने तेथे मोकळी कड उरत नाही. ती नव्याने निर्माण करावी लागते. नीट जुळलेल्या छेदावर पेशींचा थर बहुधा दोन दिवसांत जुळतो. नव्या रक्तवाहिन्यांना मात्र सुमारे तीन आठवडे लागतात, आणि आजचे शल्यविशारदही कपाळाची जोडपट्टी साधारणतः तितक्याच दिवसांनी कापतात.

पेशीसिद्धान्त १८३८-३९ चा. तेव्हा कारागिराजवळ होते ते केवळ परंपरेने आलेले दिवसांचे गणित. ते सुश्रुतसंहितेवरून आले असे सरसकट म्हणणे मला धाडसाचे वाटते, कारण संहितेत गालाची त्वचा घेण्यास सांगितले आहे.

लंडनमध्ये कार्प्यूने १८१४ साली याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ साली तिचे वृत्त ग्रंथरूपाने छापले. रुग्णाचे नाव, चित्रकार वेल्सचे नाव, अशी शस्त्रक्रिया पाहिलेल्या मुंबई इलाख्याच्या डॉक्टरांची नावे, ही सारी त्या मासिकात आली आहेत. शस्त्र हाती धरणाऱ्याची तेवढी जात आली आहे.