दंड किती, हे कोण सांगणार?

नागपूरच्या गिरीपेठेतल्या आरटीओसमोर मी टेबल टाकलं तेव्हा एमएच-३१ ही मालिका नवी होती आणि १९८८चा मोटार वाहन कायदा नुकताच, १ जुलै १९८९ला, लागू झालेला. त्यातलं कलम १७७ आम्हा टेबलवाल्यांना तोंडपाठ. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शंभर रुपये, पुन्हा सापडला तर तीनशे.

त्या काळी दंड झाला हे माणसाला जागीच कळायचं. व्हरायटी चौकात शिट्टी वाजली, गाडी बाजूला लागली, पावतीपुस्तक उघडलं. कार्बननं उमटलेली प्रत हातात पडली की हिशेब संपला. कलम २००प्रमाणे राज्य सरकारनं ठरवलेलं तडजोड शुल्क भरायचं आणि निघायचं. खिशात पैसे नसले तर लायसन्स जमा, मग ते सोडवायला वाहतूक शाखेत खेटे. तडजोड नाहीच झाली तर कोर्ट, आणि तिथं न्यायाधीश सांगेपर्यंत आकडा वकिलालाही ठाऊक नसे. दारू पिऊन चालवणाऱ्याला तर कोर्टाशिवाय वाटच नव्हती.

त्यामुळे ‘माझा दंड किती’ हे विचारायला माझ्याकडे कोणी येत नसे. लोक येत ते जुनी गाडी नावावर करायला. त्या कागदांवर चेसिस नंबरचा ठसा लागतो. स्कूटरच्या खाली वाकायचं, चिंधीनं तेल-माती पुसायची, कागदाची पट्टी दाबून धरायची आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. एकेक अंक हळूहळू वर येतो. शेवटचे चार अंक नीट आले नाहीत तर पट्टी फेकून पुन्हा वाकायचं. हे काम मी उन्हाळ्यात, तापलेल्या सायलेन्सरशेजारी केलंय.

पुढे २०१६मध्ये मुंबईत ई-चलान सुरू झालं आणि ‘एक राज्य एक चलान’ म्हणून राज्यभर पसरलं. नागपूरच्या चौकांत स्मार्ट सिटी प्रकल्पातून साडेतीन हजारांवर कॅमेरे लागले. शिट्टी न वाजताही दंड होऊ लागला. दरही बदलले. केंद्रानं १ सप्टेंबर २०१९पासून कलम १७७चे शंभराचे पाचशे आणि तीनशेचे दीड हजार केले. महाराष्ट्रानं मात्र ते रोखून धरले आणि आपले नवे दर डिसेंबर २०२१मध्ये आणले. म्हणून विनाहेल्मेटला हजार रुपये असं टीव्हीवर ऐकलेला माणूस इथं पाचशेचा आकडा पाहून खूश होतो. लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, हे त्याच्या गावीही नसतं.

कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, असा नियम २०२१मध्ये झाला. पण मेसेज जातो तो नोंदीतल्या मोबाईलवर, आणि सेकंडहँड गाडीच्या नोंदीत बरेचदा जुनाच नंबर असतो. मग राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली की पोरगा धावत येतो. “काका, माह्या गाडीवर किती हाये, पाहा न जरा.” मी महाट्रॅफिक ई-चलानची साइट उघडतो. ती गाडीचा नंबर मागते आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक. पुढ्यात यादी येते: तारीख, चौक, कलम, रक्कम आणि फोटो. फोटोत कधी पोरगा असतो, कधी त्याचा मेव्हणा.

पूर्वी आकडा चौकातल्या माणसाच्या तोंडी होता, पण दंड लपून राहत नव्हता. आता आकडा पक्का आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. मात्र तो ज्याचा त्यानं शोधून काढायचा. या फटीत लबाड शिरले. चलानच्या नावानं व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते, दाबली की खातं साफ. म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येकाला मी बजावतो: कोणी पाठवलेल्या लिंकवर आपलं देणं मोजायचं नाही. आरसी काढ, ते चार अंक स्वतः टाक, फोटो बघ आणि मगच पैसे भर.