कुळगीचा तरुण संघ आणि छप्पन एपीओची पत्रं

परवा इथं कुणीतरी जुन्या तरुण संघांचे फोटो टाकले होते, ते बघून हे लिहायला घेतलं. थोडं लांबलंय, सवडीनं वाचा.

आमच्या कुळगीत चर्चची इमारत नव्हती. दांडेलीहून अंबिकानगरला जाताना जंगलात हे गाव लागतं, पर्यटकांना नेचर कॅम्पमुळे माहीत असेल. आमची उपासना एका घराच्या पडवीत व्हायची. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा यायचे, बाकीचे रविवार आमचे आम्ही. तरुण संघात चौदा-पंधरा पोरं-पोरी. मराठी, कोकणी, कन्नड, सगळं एकाच वाक्यात बोलणारी. मी लग्न होऊन आले तेव्हा बारावी झालेली होते, म्हणून संघ माझ्या गळ्यात पडला. पोरं मला अक्का म्हणायची. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत, वर्षातून दोन महिने घरी.

२००१ च्या नाताळाला ह्यांची सुट्टी मंजूर होती. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. ऑपरेशन पराक्रम हे नाव आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पलटण हलली. आपल्या बाजूनं पाच लाखांच्या आसपास फौज सीमेवर गेली असं पेपरात यायचं. मला त्या पाच लाखांत एकच माणूस दिसायचा. पत्ता म्हणजे नंबर, नाव, पलटण आणि खाली ‘द्वारा ५६ एपीओ’. माणूस राजस्थानात आहे का काश्मिरात, त्यावरून काहीसुद्धा कळत नाही. तो पत्ता असतोच तसा.

त्या वर्षी कॅरलला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गळाच दाटायचा. पण पोरं कंदील घेऊन दारात उभी राहिली, तर काय करणार? गेले. पहिल्याच घरी एका म्हातारीनं गाणं मध्येच थांबवलं आणि आतून अंतर्देशीय पत्र आणून माझ्या हातात दिलं. तिचा नातू फौजेत होता. पत्र येऊन चार दिवस झालेले, वाचायला घरात कुणी नव्हतं. आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवलं. त्यात विशेष काही नव्हतं. थंडी फार आहे, म्हैस व्याली का, एवढंच. म्हातारीनं तेच तीन वेळा वाचायला लावलं.

तिथून संघाचं काम बदललं. शनिवारी संध्याकाळी भजनांचा सराव व्हायचा, त्यातला अर्धा वेळ पत्रांना जाऊ लागला. आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतली फौजी घरं पोरांनी वाटून घेतली. ख्रिस्ती घर एखादंच, बाकी मराठा, गवळी, कुणबी. पत्र वाचायचं, उत्तर लिहायचं, दांडेलीला जाऊन पेटीत टाकायचं. आमच्यातल्याच एकदोघांनी कुरकुर केली, की हे प्रार्थनेचं काम आहे का? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

उत्तर पुढं वाचनात सापडलं. तरुण ख्रिस्ती मंडळींची जी सगळ्यात जुनी मोठी संघटना, वायएमसीए, ती १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडदुकानातल्या नोकरानं आणि त्याच्या सोबत्यांनी काढली. कोण होती ही पोरं? खेड्यातलं घर सोडून शहरात कामाला आलेली. म्हणजे ह्या कामाचं मूळच घरापासून तुटलेल्या पोरांत आहे. मग १९१४ ला हिंदी फौज फ्रान्सला गेली, तेव्हा वायएमसीएचे लोक तिच्याबरोबर गेले. सरकारची अट होती, शिपायांत धर्मप्रचार करायचा नाही. त्यांनी ती मान्य केली आणि काय केलं? तंबूत चहा ठेवला, खेळ ठेवले, आणि लिहिता न येणाऱ्या शिपायांची पत्रं लिहून दिली. अगदी आमचंच काम, फक्त टोक उलटं. ते छावणीतून घरी लिहीत, आम्ही घरातून छावणीला.

त्याच युद्धातली कुतची हकिगत आमच्या भागात फारशी कुणी सांगत नाही, सांगायला पाहिजे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याची सहावी डिव्हिजन कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तिथल्या किल्ल्यावर मोठा हल्ला झाला, तो परतवणाऱ्यांत १०३ वी होती. शेवटी धान्य संपलं, शरणागती झाली, आणि कितीतरी शिपाई कैदेत मेले. १९२२ मध्ये ह्या पलटणी एकाच रेजिमेंटमध्ये आल्या, आणि तिचं घर झालं आपलं बेळगाव. कुतच्या त्या महिन्यांत कोकणात, देशावर, बेळगावकडे किती घरांत बायका पत्राची वाट बघत बसल्या असतील! त्यांचं लिहिलेलं काही उरलं नाही, कारण बहुतेकींना लिहिताच येत नव्हतं.

आता जे सांगायला कठीण आहे ते.

फेब्रुवारीत संघातला एक पोरगा, ढोलकी वाजवायचा, भरतीला जायचं म्हणाला. वय साडेअठरा. पत्रं वाचून वाचूनच त्याच्या डोक्यात ते भरलं होतं, हे मला माहीत होतं. त्याची आई दुपारी माझ्याकडं आली. म्हणाली, “अक्का, तुझं ऐकतो त्यो. नको म्हण त्याला. तुला काय सांगायचं, तूच भोगतेस.”

त्याच आठवड्यात ह्यांचं पत्र येऊन सव्वीस दिवस झाले होते. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. संघात कुणी विचारलं की “बरे आहेत” म्हणायचे. धडधडीत खोटं, आणि तेही प्रार्थना घेऊन उठल्यावर.

मी त्याला बोलावलं. नको म्हणायचं ठरवून बोलावलं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. सव्वीस दिवस झाले, हे पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. रात्री कुत्रं भुंकलं तरी तार आली असं वाटतं, सासूबाईंसमोर रडता येत नाही, हे सगळं. म्हटलं, तू गेलास तर तुझी आई हे करील. तिला विचारून जा. तिला फसवून जाऊ नकोस.

तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मायलेक दोघं आले. आई माझ्याशी बोलली नाही. पोरगा बेळगावला गेला आणि निवडला गेला. ती माऊली पुढं दीड वर्ष उपासनेला आली नाही, आणि रस्त्यात दिसली तरी पदर पुढं ओढून जायची. मी चुकले का? तिच्या बाजूनं चुकलेच.

पण पुढच्या शनिवारी मी संघात खरं सांगितलं, की पत्र नाही, मला भीती वाटते, आज प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी घ्या. सगळ्यात लाजाळू पोरीनं घेतली. पत्र एकतिसाव्या दिवशी आलं. टपाल अडकलं होतं, बाकी काही नाही.

मग १४ मे २००२. जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या कुटुंबांच्या वसाहतीत अतिरेकी शिरले आणि बायकापोरं मारली. आदल्या वर्षी ह्यांनी क्वार्टर मिळाली तर तिकडं ये म्हणून लिहिलं होतं, मीच संघाचं निमित्त करून टाळलं होतं. त्या रात्री आमच्या पडवीत फौजी घरांतल्या सगळ्या बायका येऊन बसल्या, न बोलावता. देवाचं नाव ज्याचं त्यानं घेतलं.

ऑक्टोबरात फौज मागं घ्यायचं जाहीर झालं. युद्ध झालंच नाही, पण सुरुंग पेरताना-काढताना माणसं गेली, त्यांच्या घरी युद्धच झालं. हे नोव्हेंबरात आले, लोंढ्याला उतरून. मी स्टेशनवर गेले नव्हते, शनिवार होता. पत्रं लिहून व्हायची होती.

ढोलकीवाला मागं नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्याच्या आईची पत्रं शेवटपर्यंत आमच्याच संघातली पोरं लिहीत होती, मला मात्र तिनं कधी सांगितलं नाही. त्यातली चार त्यानं जपून ठेवलीत, फोटो कमेंटमध्ये टाकते. तुमच्याकडं कुणाची असतील तर तुम्हीही टाका.