जकातीची वही, कोतवाल बुक आणि आपली वही

माउली, पांडुरंगाच्या कृपेने आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. या अंकासाठी जुन्या भंडाऱ्याची माहिती गोळा करायला आम्ही निघालो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी वाटेतच अडवले, "नगरपालिकेच्या कागदात कायले पाहता जी? तिथं का विठोबा हाये?" प्रश्न खरा होता. त्याचेच उत्तर येथे देत आहोत.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि १८६७ मध्ये भंडाऱ्यास नगरपालिका आली. नगरपालिका आली म्हणजे वही आली. झाडलोट, दिवाबत्ती, रस्ते यांना पैसा लागे. या प्रांतातल्या शहरांत तो मुख्यतः जकातीतून येई. नाक्यावर धान्य, तूप, लाकूड, कापड यांच्या गाड्या थांबत आणि मालाची नोंद होई. म्हणून शहर काय खात होते, काय विकत होते, हे जकातीच्या वहीतून कळते. पण टाळ-वीणा घेऊन पायी चाललेल्या वारकऱ्यावर जकात कशाची बसणार? जे करात बसले नाही, ते त्या वहीतही बसले नाही. सरकारी कागद वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी वही जन्म-मृत्यूची. शहरात नगरपालिका नोंद ठेवी, खेड्यात कोतवाल बुक असे. १९०१ च्या शिरगणतीत भंडारा शहराची वस्ती १४,०२३ आणि जिल्ह्याची ६,६३,०६२ भरली. जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांची ही खूण. शिरगणती फक्त आकडा सांगते. मेले कोण, हे मृत्यूच्या नोंदीत पाहावे लागते. तिथेही कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'ताप' एवढेच. उपाशी माणूस तापाने गेला, की भुकेने? कागद बोलत नाही, आपणच विचारायचे.

आणि ही खबर आणत कोण होते? आपल्या भागात कोतवाल बहुधा महार समाजाचा. सगळ्या गावाचे जन्म-मरण त्याने सांगायचे, लिहिणाऱ्याने लिहायचे. त्याला मात्र देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागे. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, तिथे माथा टेकताना हेही आठवावे. आज त्याच कोतवाल बुकाची नक्कल मिळावी म्हणून जातीच्या दाखल्यासाठी पोरे कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. पान फाटले, तर लेकराचे शिक्षण अडते.

म्हणून बाबांना आमचे उत्तर असे, की विठोबा त्या कागदात नसेल, पण त्याची लेकरे आहेत. आणि जे तिथे नाही, ते आपल्या घरी आहे. भजनाच्या वह्या, पंगतीचे हिशेब, वारीला गेलेल्यांच्या याद्या यांतले काही माळ्यावर असेल, काही आजीच्या पेटीत. ते उन्हात झटकून, कोरड्या फडक्यात बांधून ठेवा. घरातल्या पोरांकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने राखल्या म्हणतात. आपल्या वह्यांना वाळवी लागली, तर वैनगंगा कुठवर धावणार? ते काम आपलेच.

रामकृष्णहरी!