कल्पित लढाई खरी कशी वाटते? उत्तर वरळीच्या किल्ल्यावर सापडेल

एका बाजूला दहा हजारांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला पन्नास हजारांचं. तुतारी वाजते, नायक तलवार उपसतो, रक्ताचे पाट वाहतात आणि तीन पानांत लढाई संपते. मोबाईलवर कथा लिहिण्याची आणि वाचण्याची सोय झाल्यापासून मराठीत फँटसी लिहिणारे वाढले आहेत. जादूगार, ड्रॅगन, शापित राज्यं असं सगळं त्यात असतं. पण लढाई सुरू झाली की बऱ्याचदा वाचकाचं बोट भराभर स्क्रोल करू लागतं.

असं का होतं? वाचक ड्रॅगनवर विश्वास ठेवायला तयार असतो. मग पन्नास हजार माणसं काय खातात, कुठे झोपतात आणि नदी कशी ओलांडतात, हे मात्र त्याला कळायला हवं असतं का? हो, हवं असतं. जग जितकं काल्पनिक, तितकी त्यातली जमीन, भूक आणि थकवा खरा लागतो. हे समजून घ्यायला मुंबईतली एक जागा उपयोगी पडते.

आधी जमीन आणि पाणी

वरळी कोळीवाड्याच्या टोकाला, छोट्या टेकाडावर वरळीचा किल्ला आहे. तो इंग्रजांनी 1675 च्या सुमारास बांधल्याचं मानलं जातं. किल्ला लहान आहे. पण तिथे उभं राहिलं की तो तिथेच का बांधला, हे लगेच कळतं. समोर माहीमची खाडी, पलीकडे माहीमचा किल्ला, त्याच्या पुढे वांद्रे. आता याच पाण्यावरून 2009 मध्ये सुरू झालेला सी लिंक जातो. समुद्रातून खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत इथून दिसायचं.

त्या काळी वरळी हे वेगळं बेट होतं. वरळी आणि मुंबई बेटाच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. ते खिंडार 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून बंद झालं. म्हणजे 17 व्या शतकात कुणाला इथे हल्ला करायचा असता, तर पहिला प्रश्न सैनिक किती हा नसता. आज तिथी कोणती, हा असता.

कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला खडक, चिखल उघडा पडतो. सकाळी जिथे होडी लागते, तिथे दुपारी गुडघाभर चिखलातून चालावं लागतं. अंगावर चिलखत, डोक्यावर दारूगोळा आणि समोरून गोळीबार. लेखकाला तणाव वेगळा तयार करावा लागत नाही, ओहोटीच तो तयार करते.

जमिनीचं गणित सह्याद्रीतही तेच आहे. जुलै 1660 मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी मोठ्या फौजेला थोपवलं. ते शूर होते, पण वाटही अरुंद होती. खिंडीत एका वेळी मोजकीच माणसं पुढे येऊ शकतात, त्यामुळे मागच्या हजारोंचा उपयोग होत नाही. त्यात भर पावसाळा. लिहिताना शौर्याआधी वाट दाखवली, तर शौर्य खोटं वाटत नाही.

लढाई तलवारीने जिंकतात की भाकरीने?

1689 मध्ये मुंबईवर खरंच आक्रमण झालं. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला प्रमुख सर जॉन चाइल्ड याने औरंगजेबाशी वैर घेतलं आणि मुघलांकडची व्यापारी जहाजं पकडली. त्यानंतर जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान सैन्य घेऊन शिवडीला उतरला. माझगाव आणि माहीम त्याच्या ताब्यात गेलं. इंग्रजांकडे मुख्यतः आजच्या फोर्ट भागातला किल्ला उरला आणि वेढा वर्षाहून जास्त काळ चालला.

फँटसी कादंबरीत इथे शेवटची मोठी लढाई आली असती. प्रत्यक्षात काय झालं? कंपनीने औरंगजेबाकडे माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड कबूल केला. चाइल्डला काढून टाकण्याचीही अट होती, पण 1690 च्या सुरुवातीला तो मरण पावला. जून 1690 मध्ये सिद्दी निघून गेला. मागे उरलं उद्ध्वस्त माझगाव आणि रोगराईने पोखरलेलं शहर.

बहुतेक वेढे असेच संपतात: पैसा, भूक, आजार किंवा तह. पानिपतातही मराठ्यांची छावणी 14 जानेवारी 1761 च्या लढाईआधी कित्येक आठवडे रसद तुटल्यामुळे उपाशी होती. छावणीत लढणाऱ्यांसोबत बायका, यात्रेकरू, व्यापारी असे न लढणारेही मोठ्या संख्येने होते. म्हणून त्या लढाईचं वर्णन पहिल्या तोफेपासून सुरू करणं चुकीचं ठरेल. ती शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हाच सुरू झाली होती.

मोठं शस्त्र नेहमी जिंकत नाही

1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेला, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी मोठी जहाजं पाठवून नाकेबंदी केली. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात सामान पोचवत राहिल्या. मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली काम चालू राहिलं आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं.

जादूला हाच नियम लावता येतो. ठासणीच्या बंदुकीला पुन्हा बार भरायला वेळ लागतो, पावसात दारू भिजते, तोफ चिखलात रुतते. जादूलाही अशी अडचण हवी. मंत्र म्हणायला किती वेळ लागतो? म्हणणारा थकतो का? पावसात ती चालते का? अडचण नसलेलं शस्त्र हातात आलं की लढाई तिथेच संपते आणि वाचकाची उत्सुकताही.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या 1998 च्या कादंबरीतली नदीवरची लढाई अनेकांना आठवते. त्यात हिरवी आग आहे आणि पात्र अडवणारी साखळीही. कॉन्स्टँटिनोपलच्या बचावातही पाण्यावर जळणारी आग आणि बंदराच्या तोंडाशी लावलेली साखळी होती. कल्पना मोठी वाटते, कारण तिच्याखाली खरा इतिहास आहे.

सैनिकाला दिसतं किती?

जे. आर. आर. टॉल्किन 1916 मध्ये सॉमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याचे संदेशवहन अधिकारी होते. खंदकातल्या तापाने आजारी पडून ते मायदेशी परतले. त्यांच्या कादंबऱ्यांत मोठी युद्धं आहेत, पण त्यांतली बरीचशी लहान, घाबरलेल्या, दमलेल्या पात्रांच्या नजरेतून दिसतात.

रणांगणावरच्या माणसाला सगळं चित्र दिसत नाही. धूर, धूळ आणि शेजारच्याचा खांदा एवढंच दिसतं. तलवार साधारण एक-सव्वा किलोचीच असते, पण काही मिनिटं सतत चालवली की हात भरून येतो. आपण जिंकतोय की हरतोय, हे बऱ्याचदा संध्याकाळी कळतं.

दूर असलेल्यांना तर त्याहून उशिरा. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी पत्रातून. त्यात मेलेल्यांचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत होता. दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. पत्रात तलवारीचा उल्लेखही नाही, तरी त्याची आठवण मराठी माणसाला अडीचशे वर्षांनंतरही अस्वस्थ करते.

लढाई लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

• जागा कुठली? चढ, चिखल, पाणी कुठे आहे?
• ऋतू आणि वेळ कोणती?
• दोन्ही बाजूंकडे किती दिवसांचं अन्न आहे?
• शस्त्राची किंवा जादूची अडचण काय?
• हा प्रसंग कुणाच्या डोळ्यांतून दिसतो आणि त्याला काय दिसत नाही?
• हरलं तर कुणाचं काय जाणार?
• लढाईनंतर तिथे कोण राहणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. सिद्दीच्या स्वाऱ्यांच्या काळात रुस्तम दोराब या पारशी गृहस्थाने कोळ्यांना गोळा करून मुंबईचा बचाव केल्याचं सांगितलं जातं. ही माणसं कुठल्या राजाच्या फौजेतली नव्हती. त्यांच्या होड्या, जाळी आणि घरं इथे होती.

वरळीच्या किल्ल्यावरून खाली पाहिलं तर आजही कोळीवाड्याची घरं आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या दिसतात. किल्ल्यावर सत्ता कुणाचीही आली, तरी कोळी इथेच राहिले. कल्पित राज्यातल्या लढाईतही अशी एखादी वस्ती असली आणि तिचं काय झालं हे वाचकाला कळलं, तर तो ती तीन पानं स्क्रोल करून टाकणार नाही.