मुलांची पक्षीगणना, मोबाईलच्या मदतीने

मोबाईल मुलांच्या हातातून सुटत नाही, ही घरोघरची तक्रार. त्याच मोबाईलवर मुलांना अंगणातले पक्षी ओळखायला शिकवता येते.

मर्लिन बर्ड आयडी : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचे मोफत अ‍ॅप. फोटोवरून आणि २०२१ पासून आवाजावरूनही पक्ष्याचे नाव सुचवते. ते कधीकधी चुकते, म्हणून मुलांनी पक्षी डोळ्यांनी पाहूनच नोंद करावी.

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट : १९९८ साली सुरू झालेली ही गणना दर फेब्रुवारीत चार दिवस चालते, २०१३ पासून जगभर. निदान १५ मिनिटे पक्षी मोजून मर्लिन किंवा ईबर्डवर नोंद पाठवायची.

हे कशासाठी? १९७० नंतर उत्तर अमेरिकेतले सुमारे ३०० कोटी पक्षी घटले, असे २०१९ च्या अभ्यासात दिसले. असे बदल वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळेच कळतात.

काळजी : घरट्याजवळ अ‍ॅपमधला आवाज वाजवू नये, पक्षी बिथरतात.

सुरुवात चिमणीपासून करा. इथली 'हाऊस स्पॅरो' म्हणजे आजीच्या गोष्टीतली चिऊताईच! महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात आजी-आजोबांना फोन लावून दोन्हीकडच्या याद्या जरूर ताडून पाहा.